डायनासोरच्या काळातली चिचुंद्री शिरूर-दौंडमध्ये सापडेल का?

पीएचडीच्या प्रवेशासाठी प्रस्ताव लिहिणाऱ्यांकडून एक प्रश्न फिरून फिरून येतो. "आम्ही शिरूरचे (किंवा दौंडचे). भूविज्ञान किंवा प्राणिशास्त्र घेऊन एमएस्सी करतोय. डायनासोरच्या काळातल्या सस्तन प्राण्यांचे जीवाश्म आमच्याच तालुक्यात शोधायचे, असा विषय घेतला तर चालेल का?" प्रश्नामागचा विचार मला कळतो. घर जवळ, गाव ओळखीचं, शेतकरी ओळखीचे, गाडीखर्च कमी. आणि विषय ऐकायला भारी.

थेट उत्तर आधी देतो. हा विषय शिरूर-दौंडमध्ये घेऊ नका. पण 'का नाही' हे तुम्हाला नीट सांगता आलं, तर त्याच दोन तालुक्यांतून याच प्राण्यांशी जोडलेला दुसरा चांगला विषय निघतो. तो कसा, ते पुढे येईल. त्याआधी शोधायचं नक्की काय असतं ते बघू. 'जीवाश्म' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सांगाडा येतो, आणि इथे सांगाडा जवळपास कधीच नसतो.

एक-दोन मिलिमीटरचा प्राणी

शाळेत आपण शिकतो की डायनासोर संपले आणि मग सस्तन प्राण्यांचं राज्य आलं. ऐकून असं वाटतं की सस्तन प्राणी नंतर जन्माला आले. तसं नाही. दोघेही साधारण एकाच सुमाराला, वीस कोटी वर्षांच्याही आधी, ट्रायासिक काळात दिसू लागतात. डायनासोर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे हिशेब केला तर सस्तन प्राण्यांच्या एकूण इतिहासातला जवळजवळ दोन-तृतीयांश भाग डायनासोरच्या सोबतीने गेला. आपण शिकतो तो फक्त शेवटचा एक-तृतीयांश.

या लांबलचक काळात बहुतेक सस्तन प्राणी उंदीर-चिचुंद्रीएवढे होते. अपवाद आहेत. चीनमधल्या रेपेनोमॅमस नावाच्या प्राण्याच्या पोटात डायनासोरच्या पिल्लाची हाडं सापडली आणि २००५ मध्ये त्याची बातमी जगभर झाली. पण अपवादावर प्रस्ताव लिहायचा नसतो. तुमच्या वाट्याला येणार ती चिचुंद्री, आणि तिचाही फक्त दात.

दातच का? दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. हाडं कुजतात, मोडतात, पाण्यात घासून जातात, दात टिकतो. आणि नशिबाने सस्तन प्राण्याचा दात हा त्याच्या ओळखपत्रासारखा असतो. सुसरीचा किंवा सरड्याचा दात पाहिलात तर तो साधा सुळका. मोडला की नवा येतो, आयुष्यभर येत राहतो, त्यामुळे वरचा आणि खालचा दात एकमेकांत नेमका बसायची गरजच नाही. आपल्याला मात्र दुधाचे आणि पक्के असे दोनच संच मिळतात. पक्की दाढ एकदा आली की वरची-खालची जोडी आयुष्यभर जुळून राहते, म्हणून त्यांना नेमका आकार असतो. उंचवटे, खाचा, कडा, दोन-तीन मुळं.

यातला सगळ्यात उपयोगी आकार समजून घ्यायला घरातला खलबत्ता आठवा. खालच्या दाढेत मागच्या बाजूला एक खोलगट भाग असतो, तो खल. वरच्या दाढेचा आतल्या बाजूचा उंचवटा नेमका त्यात बसतो, तो बत्ता. कीटकाचं कवच आधी कडांनी कापायचं आणि मग खलात कुटायचं, अशी दोन कामं एकाच दाढेत. आपल्या दाढा याच रचनेतून आलेल्या आहेत. त्यामुळे दोन मिलिमीटरची सुटी दाढ मायक्रोस्कोपखाली आली की तज्ज्ञ माणूस ती वरची की खालची, डावी की उजवी, प्राणी काय खात असावा आणि कोणत्या कुळाजवळचा, हे सांगू शकतो. 'सांगू शकतो' हे शब्द लक्षात ठेवा. सांगताना तो चुकूही शकतो. त्यावर पुढे येतोच.

दख्खनचा लुटारू

आपल्या भागातली खरी गोष्ट १९८८ सालची. जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी 'नेचर'मध्ये भारतातल्या पहिल्या क्रिटेशियस सस्तन प्राण्याची नोंद प्रसिद्ध केली. जागा नस्कल, आजच्या तेलंगणातलं, हैदराबादच्या पश्चिमेकडचं गाव. प्राण्याचं नाव डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. 'लेस्टेस' म्हणजे ग्रीकमध्ये लुटारू. दख्खनचा लुटारू! दाढ एक-दोन मिलिमीटरची आणि नाव असं दणदणीत.

नावाचा दुसरा भाग आपल्याला जवळचा आहे. हिस्लोपी म्हणजे नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने तिथलं हिस्लॉप कॉलेज आहे. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी. काम धर्मप्रसाराचं, पण मोकळ्या वेळात दगड फोडायची आवड. सहकारी हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूरजवळच्या टाकळी इथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळातून जीवाश्म गोळा केले, आणि १८५५ मध्ये या दोघांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. १८६३ मध्ये हिस्लॉप बुडून वारले. (शिरूर तालुक्यातही एक टाकळी आहे, कुकडीकाठची टाकळी हाजी, रांजणखळग्यांची. या दोन टाकळ्यांमधला फरक हाच या लेखाचा अर्धा विषय आहे.)

लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये अडकलेल्या अशा गाळाला इंटरट्रॅपियन थर म्हणतात. डेक्कन ट्रॅपचा लाव्हा एका दमात वाहिलेला नाही. एक प्रवाह यायचा, थंड व्हायचा, मग काही काळ शांतता. त्या शांततेत खोलगट जागी पाणी साचायचं, तळं व्हायचं, काठाला झाडं, पाण्यात मासे आणि गोगलगायी, रात्री काठावर चिचुंद्र्या. मग पुढचा प्रवाह येऊन हे सगळं झाकून टाकायचा. नस्कलचा थर असाच आहे. तिथे दातांबरोबर मासे, बेडूक, सरडे, सुसरी यांचेही अवशेष मिळतात.

पुढे डेक्कनोलेस्टेसच्या घोट्याची हाडं मिळाली. १९९४ मध्ये प्रसाद आणि गोदिनो यांनी ती वर्णन केली. घोटा ज्या पद्धतीने वळू शकत होता त्यावरून प्राणी झाडांवर चढणारा असावा असं दिसलं. मग वाद सुरू झाला. २०१० मध्ये बॉयर आणि सहकाऱ्यांनी त्याला वानरगण ज्या मोठ्या शाखेत येतो तिच्याजवळ ठेवलं. २०११ मध्ये गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी जास्त प्राणी घेऊन विश्लेषण केलं आणि म्हटलं, छे, हा त्याहून कितीतरी जुन्या, बुंध्याजवळच्या फांदीवरचा. दोन्ही लेख वेगवेगळ्या नियतकालिकांत, एका वर्षाच्या अंतराने. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हे दोन लेख शेजारी ठेवून वाचा. पुरावा फारसा बदललेला नाही. तुलनेला कोणते प्राणी घेतले हे बदललं, आणि निष्कर्ष उलटा झाला.

दुसरा प्राणी भारतथेरियम. याची पहिली दाढ नस्कलचीच, नोंद १९९७ ची. पण नाव द्यायला २००७ उजाडलं आणि त्या वर्षी दोन गटांनी स्वतंत्रपणे दोन नावं दिली. प्रसाद यांच्या गटाने भारतथेरियम बोनापार्टेई, आणि विल्सन यांच्या गटाने दक्षिणा जेडेरी. पहिलं नाव टिकलं. दुसऱ्या गटाच्या दातांपैकी काही गोकाकचे होते. गोकाक म्हणजे बेळगाव जिल्हा, म्हणजे तुमच्यापैकी कोल्हापूर-निपाणीकडच्यांना अगदी हाकेच्या अंतरावर. या प्राण्याच्या दाढा उंच, गाई-घोड्यासारख्या झीज सोसणाऱ्या. त्याचे जवळचे नातेवाईक मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत. भारत मादागास्करपासून तुटून कधीच निघाला होता, तरी हे कुळ दोन्हीकडे दिसतं.

उंच दाढा कशाला, यावर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची एक नोंद वाचण्यासारखी आहे. तिथे मिळालेल्या जीवाश्म शेणामध्ये गवताचे सिलिकाचे कण सापडले, २००५ मध्ये ते 'सायन्स'मध्ये आलं. डायनासोरच्या काळात गवत होतं, हे त्यातून कळलं. गवत खाऊन दाढा झिजतात, आणि त्याच लेखात या उंच दाढांच्या सस्तन प्राण्यांनी गवत खाल्लं असेल अशी शक्यता मांडली आहे.

मग आपल्याकडे का नाही?

आता तुमच्या तालुक्यात या. शिरूर किंवा दौंडमध्ये नवी विहीर खणताना काठावर उभे राहिलात तर वरून खाली असं दिसेल: काळी माती किंवा गाळ, मग मुरूम, मग मांजऱ्या किंवा काळा पाषाण. काही ठिकाणी दोन पाषाणांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा, वीतभर किंवा हातभर जाडीचा.

तो काळा पाषाण म्हणजे लाव्हा. ११०० अंशांच्या आसपासचा वितळलेला खडक. त्यात हाड-दात सापडणार नाहीत. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये पांढरे सुयांसारखे किंवा दातांसारखे टोकदार स्फटिक दिसतात, ते झिओलाइट किंवा क्वार्ट्झ. दिसायला सुंदर आहेत, पण जीवाश्म नाहीत.

जीवाश्म असलेच तर दोन प्रवाहांच्या मधल्या गाळात असणार. आणि इथेच दोन टाकळ्यांचा फरक येतो. नागपूर, चंद्रपूर, तेलंगण, गोकाक या जागा डेक्कन ट्रॅपच्या कडेला आहेत. कडेपर्यंत लाव्हा कमी वेळा पोहोचला, मधली शांतता लांबली, तळी साचली, गाळ जमला. आपण पुणे जिल्ह्यात आहोत. इथे प्रवाहावर प्रवाह आले. दोन प्रवाहांमध्ये जो वेळ मिळाला त्यात तळं होऊन गाळ साचण्याऐवजी बहुतेक ठिकाणी वरचा पृष्ठभाग हवा-पाण्याने कुजून तांबडा झाला, एवढंच. तोच विहिरीतला तांबडा पट्टा. याला रेड बोल म्हणतात. लाल मातीत, हवेशीर जागी, हाड टिकणं अवघड. हाड टिकायला चटकन गाळाखाली जावं लागतं.

पश्चिमेकडे तळ्यांचे थर अजिबातच नाहीत असं नाही. मुंबईत वरळीच्या टेकडीतून बेडकांचे सुंदर जीवाश्म मिळाले, रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्येच त्यांचं वर्णन केलं. पण मुंबईचे ते थर डायनासोर संपल्यानंतरचे आहेत. तुमच्या प्रश्नाला उपयोगाचे नाहीत.

"बरं, लाव्हाच्या खाली काय? तिथे डायनासोरच्या काळातली जमीन असेलच ना?" हा प्रश्न हुशार विद्यार्थीच विचारतो. असू शकते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर आणि मग पुरातन खडक. कोयना परिसरात घेतलेल्या भोकात ९३३ मीटरपर्यंत बेसॉल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक, मध्ये गाळ नाहीच. समजा शिरूरच्या खाली गाळ असलाच, तर तो शेकडो मीटर खाली. मनगटाएवढ्या जाडीच्या कोअरमध्ये दोन मिलिमीटरचा दात नेमका यावा, यावर कोणी फेलोशिप देणार नाही. दिली तरी घेऊ नका.

पण घोड नदीत हाडं सापडतात की!

सापडतात. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण गावातून 'दगडी हाड' मिळाल्याची बातमी आली की लगेच डायनासोरचं नाव निघतं.

घोड, कुकडी, भीमा यांच्या काठचा पिवळट-तपकिरी गाळ हा लाव्हाच्या मानाने कालचा आहे. लाव्हा ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि हा गाळ काही हजार ते काही लाख वर्षांचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घोड खोऱ्यात या गाळावर बरंच काम केलं आहे, त्यात हिमयुगाच्या काळातल्या मोठ्या जनावरांची जीवाश्म हाडं मिळाली. शिरूर तालुक्यातलं इनामगाव तर पुरातत्त्वाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. १९६८ ते १९८३ अशी उत्खननं, आणि त्यात साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं आख्खं गाव. तिथली हाडंही संशोधनाचा उत्तम विषय आहेत, फक्त वेगळ्या प्रश्नासाठी.

आणखी एक फसवी गोष्ट. याच गाळात चुनखडीचे पांढरे, गाठाळ, नळीसारखे खडे असतात. कित्येकदा ते झाडांच्या मुळांभोवती जमतात, त्यामुळे मधे पोकळ आणि बाहेरून बोटाच्या हाडासारखे. पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की जोरात फसफसतात. पण फसफसलं म्हणजे हाड नाही, असा सोपा नियम करू नका. गाळातल्या खऱ्या हाडातही चुना शिरलेला असतो. भिंगाखाली हाडाची छिद्रांची जाळी दिसते का ते बघा. ही कसोटी जास्त भरवशाची.

एका दाताची किंमत

आता त्या 'चुकूही शकतो'कडे येतो. मध्य प्रदेशातल्या टिकी नावाच्या ट्रायासिक थरातून एक वरची दाढ मिळाली होती. एकच. २००५ मध्ये पी. एम. दत्ता यांनी तिला टिकिथेरियम कोपेई असं नाव दिलं. वीस कोटी वर्षांहून जुनी आणि तरी आकाराने फारच पुढारलेली दाढ. ती जगातल्या सर्वांत जुन्या सस्तन प्राण्यांच्या यादीत गेली, पाठ्यपुस्तकांत गेली, उत्क्रांतीच्या वृक्षांच्या कितीतरी आकृत्यांत बसली. २०२४ मध्ये अवेरियानोव आणि वोयटा या रशियन अभ्यासकांनी तिचा आकार पुन्हा तपासून लिहिलं की ही दाढ ट्रायासिकची नाहीच. ती निओजीन काळातल्या, म्हणजे गेल्या सव्वादोन कोटी वर्षांतल्या, चिचुंद्रीची आहे.

खिल्ली उडवण्यासाठी मी हे सांगत नाही. मिलिमीटरभर दात ज्या पद्धतीने मिळतात, त्यात हा धोका सगळ्यांनाच आहे. पद्धत अशी. थरातला गाळ पोत्यांनी भरून आणायचा. उन्हात कडकडीत वाळवायचा. मग पाण्यात टाकायचा. शेतात वावरलेल्यांना हे सांगायला नको: वाळलेलं ढेकूळ पाण्यात पडलं की बुडबुडे येऊन फुटतं, ओलसर ढेकूळ तसंच राहतं. चिकट माती असेल तर आधी केरोसीनमध्ये भिजवतात, चुन्याने घट्ट झालेली असेल तर सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल वापरतात. मग एकाखाली एक बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून धुवायचा, अगदी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक जाळीपर्यंत. चाळणीवर उरलेला चुरा वाळवून मायक्रोस्कोपखाली ओल्या बारीक ब्रशने एकेक कण उचलायचा. तासन् तास माशांचे खवले, गोगलगायींचे तुकडे, शिंपल्यांसारखे ऑस्ट्राकोड. एखादा दात आला तर तो दिवस चांगला.

आता विचार करा, चूक कुठे शिरते. पावसाने वरच्या नव्या मातीतला दात भेगेतून खाली जातो. उंदीर बीळ करतो. ओढ्याच्या पाण्यात चाळणी धुतली तर ओढ्यातलाच दात चाळणीत बसतो. कालच्या नमुन्याचा कण आजच्या चाळणीत राहतो. दात निघाल्यावर तो 'थरात पाहिलेला' नसतो, तो 'पोत्यात सापडलेला' असतो. म्हणून सूक्ष्म जीवाश्मांवर काम करणारे एक साधी युक्ती करतात. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवतात. जुना कण अडकून राहिला असेल तर तो निळा होतो, आणि पुढच्या नमुन्यात निळा कण दिसला की तो उपरा, हे लगेच कळतं. खर्च काही रुपयांचा. प्रस्तावाच्या कार्यपद्धतीत ही ओळ दिसली तर वाचणाऱ्याला समजतं की उमेदवाराने विचार केलाय.

नस्कलचं का टिकलं, ते यावरून बघा. एका दातावर ते उभं नाही. एकापेक्षा जास्त जाती, वरच्या-खालच्या दाढा, घोट्याची हाडं, इतर जागांवरून तेच कुळ, आणि थर दोन लाव्हांच्या मध्ये पक्का बंद.

तुमच्या विहिरीतलं घड्याळ

हा शेवटचा मुद्दा, 'दोन लाव्हांच्या मध्ये बंद', तुमच्या कामाचा आहे. नस्कलचे प्राणी नेमके केव्हाचे, हे दात सांगत नाही. ते लाव्हा सांगतो. २०२२ मध्ये ग्रेगरी विल्सन मँटिला आणि सहकाऱ्यांनी नस्कलच्या नव्या जाती प्रसिद्ध केल्या. या गटात नागपूरचे बंदना सामंत आणि धनंजय मोहबे हेही आहेत. त्यांनी थराच्या वरच्या-खालच्या बेसॉल्टचा रासायनिक ठसा पश्चिम घाटातल्या प्रवाहांशी ताडून पाहिला आणि आर्गॉन पद्धतीने वय काढलं. प्राणी क्रिटेशियसच्या अगदी अखेरीचे निघाले, डायनासोर संपण्याच्या ऐन तोंडावरचे. हा ठसा जुळवता आला कारण महाबळेश्वर, पोलादपूर, आंबेनळी इथल्या घाटांत कित्येक दशकं लोकांनी प्रवाह मोजून, दगड फोडून, रसायन तपासून क्रम लावून ठेवला होता. तेलंगणातल्या दाताचं वय सातारा-रायगडच्या घाटातल्या कामावर उभं आहे.

आणि तो तांबडा पट्टा? २०१५ मध्ये शोएन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या अशाच तांबड्या थरांमधून झिर्कॉनचे सूक्ष्म स्फटिक वेगळे केले. बेसॉल्टमध्ये झिर्कॉन सहसा मिळत नाही, पण दोन प्रवाहांमधल्या शांततेत हवेतून येऊन पडलेल्या राखेत तो असू शकतो. त्यावरून युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढता येतं. २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गट आले. शोएन यांचा गट झिर्कॉनवरून म्हणाला की उद्रेक ठरावीक लोंढ्यांत आले आणि त्यातला एक मोठा लोंढा उल्कापाताच्या थोडा आधीचा. स्प्रेन यांचा गट आर्गॉन पद्धतीने म्हणाला की बराचसा लाव्हा उल्कापातानंतरचा. सस्तन प्राण्यांनी आधी लाव्हा सोसला की आधी उल्का, याचं उत्तर या क्रमावर अवलंबून आहे, आणि वाद अजून मिटलेला नाही.

वयाचा वाद किती ताणला जातो याचं उदाहरण तुमच्या शेजारीच आहे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, त्याच्या जोडीला आदिमानवाची दगडी हत्यारं. काही अभ्यासकांनी ती राख सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या टोबा उद्रेकाची मानली, तर काहींनी ती कित्येक लाख वर्षांची ठरवली.

तेव्हा प्रस्तावाचं शीर्षक 'शिरूर व दौंड तालुक्यांतील क्रिटेशियस सस्तन प्राण्यांचा शोध' असं असेल तर मुलाखतीत पहिला प्रश्न येईल: "दोन वर्षं काहीच सापडलं नाही तर?" त्याला उत्तर नाही, आणि तुमची दोन वर्षं आणि फेलोशिप दोन्ही गेलेली असतील. त्याऐवजी 'शिरूर-दौंड परिसरातील बेसॉल्ट प्रवाहांमधले तांबडे थर: जाडी, विस्तार आणि रासायनिक ओळख' असा विषय घेतला तर थर विहिरींत, घाटरस्त्यांच्या कापात, खाणींत उघडे आहेत. काही सापडेल की नाही हा प्रश्नच उरत नाही, मोजायला थर आहेतच. झिर्कॉन निघाले तर बोनस. आणि दात शोधायचेच असतील, मन तिथेच अडकलं असेल, तर गोकाक, नागपूर-चंद्रपूर किंवा सिरोंचा इकडे बघा. सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरून ज्याला नाव मिळालं, त्या ज्युरासिक कोटा थरातून गोदावरी-प्राणहिता खोऱ्यात डेक्कनोलेस्टेसच्याही कितीतरी आधीचे सस्तन दात मिळाले आहेत. कोटाथेरियम हाल्डानेई हे त्यातलं एक, १९८१ चं, जे. बी. एस. हाल्डेन यांच्या नावाचं.

येत्या उन्हाळ्यात विहिरींचं पाणी खाली गेलं की एक काम करा. शेतमालकाला विचारून, दोर आणि सोबत माणूस घेऊन, पाच विहिरींतला तांबडा पट्टा मोजा. जमिनीपासून खोली, पट्ट्याची जाडी, वरच्या आणि खालच्या दगडाचं वर्णन, जीपीएसवरची उंची, आणि फोटोत शेजारी मोजपट्टी. पाच विहिरींची उंची एका आलेखावर मांडली की पट्टा एकच आहे की वेगवेगळे, हे दिसायला लागेल. तो आलेख प्रस्तावात दुसऱ्या पानावर लावा.